खंड्याला कुठे ठेवू?

मागच्या अंकात मुलींच्या दहावीनंतरच्या प्रवेशाबद्दल लिहिलं होतं, त्यावर बरीच पत्रं आली आहेत. त्यांची उत्तरं पुढच्या महिन्यात देईन, इन्शाअल्लाह. या वेळी एका कुत्र्याबद्दल लिहायचं आहे. हे वाचून काही भगिनी पान उलटतील याची मला कल्पना आहे. आमच्या घरातसुद्धा जेवताना हा विषय निघाला की सासूबाई "जेवू द्या गं आधी" म्हणतात. पण ज्या बाईचा तो कुत्रा आहे तिची हकीकत कुत्र्याला वगळून सांगता येत नाही. मी एकदा तसा प्रयत्न केला होता आणि चुकले होते.

शनिवारी माझी शाळा सकाळची असते. शाळा सुटली की घरी येऊन डबा भरते आणि मोमीनपुऱ्यातून मंडईवरून चालत सदाशिव पेठेत जाते. पायी वीस-पंचवीस मिनिटं लागतात. थोरला तिथे पेरुगेटजवळच्या बोळातल्या एका अभ्यासिकेत बसतो, स्पर्धा परीक्षेसाठी. ज्यांच्या घरातलं कुणी तिथे आहे त्यांना वेगळं सांगायला नको. एका खोलीत चाळीस-पन्नास टेबलं आणि बीड, लातूर, नांदेड, जळगावकडून आलेली, मेसचं पातळ वरण पिऊन वर्षानुवर्षं मान खाली घालून बसलेली पोरं. माझा डबा म्हणजे पाच जणांचा डबा असतो. त्यातले तिघे बिगरमुस्लिम आहेत, आणि खिमा असला की सगळ्यात आधी तेच बाहेर येतात. बाहेर अशासाठी की आत पाटी आहे, "येथे मांसाहार करू नये." पाट्यांची पेठ आहे, मालकाची जागा आहे, पोरं निमूटपणे समोरच्या पायरीवर बसून खातात.

त्या पायरीच्या पुढे, बंद पडलेल्या एका दुकानाच्या फळ्यांखाली मावशी राहते. नाव लिहीत नाही. वय साठीच्या पुढे असेल. मूळची जालन्याकडची. दुष्काळात नवऱ्याबरोबर बांधकामावर आली, नवरा इथेच वारला, मग डोळे कमी झाले, काम सुटलं. आता कागद-पुठ्ठा गोळा करते. तिच्याजवळ एक गोणी, एक पातेलं, एक प्लास्टिकचा कागद आणि खंड्या. खंड्या म्हणजे पिवळसर रंगाचा, एका कानाला जुनी जखम असलेला साधा गावठी कुत्रा. पिल्लू असताना गटारात पडला होता, हिने काढला. सात-आठ वर्षं झाली म्हणते. मावशी पुठ्ठा गोळा करायला निघाली की तो चार पावलं पुढे, ती बसली की तो तिच्या पायाशी, आणि रात्री ती झोपली की तो रस्त्याकडे तोंड करून.

गेल्या डिसेंबरात थंडी बरीच पडली होती. एका रात्री बेघरांना निवाऱ्यात नेणारी गाडी आली. मुलाने सांगितलं की मावशीला फार समजावलं, घोंगडी दिली, पण ती गेली नाही. पुढच्या शनिवारी मी गेले तेव्हा ती खोकत होती. पायाच्या अंगठ्याला फडकं बांधलेलं, त्याला वास येत होता. मी शिक्षिका, तेव्हा शिकवायला लागले. म्हटलं, "मावशी, जीव महत्त्वाचा की कुत्रा? तिथे छप्पर आहे, गरम पाणी आहे. कुत्रं काय, रस्त्यावरचंच आहे, राहील रस्त्यावर."

तिने माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही, वर्गात एखादं पोर आपल्याकडे पाहतं ना, बाईंना उत्तर येत नाही हे कळल्यावर, तसं. मग म्हणाली, "बाई, तुमच्या दाराला कडी हाय. माझ्या दाराला ह्यो हाय."

आणि मग हळू आवाजात तिने जे सांगितलं ते मी सगळं इथे लिहिणार नाही. हे मासिक घरात सगळे वाचतात. एवढंच लिहिते की म्हाताऱ्या बाईलाही रस्त्यावर रात्री माणसाची भीती असते. दोन वर्षांपूर्वी एका रात्री खंड्या नसता तर काय झालं असतं हे ती जाणून होती, आणि मी, बीएड झालेली, दोन भाषांत शिकवणारी बाई, तिला "जीव की कुत्रा" असं विचारत होते. तिच्या दृष्टीने या दोन वेगळ्या गोष्टी नव्हत्याच.

इथे आपल्या घरातला नेहमीचा प्रश्न येतो, तो बाजूला सारून पुढे जाणं मला बरोबर वाटत नाही. कुत्र्याची लाळ, कुत्रा घरात असला तर रहमतचे फरिश्ते येत नाहीत ही हदीस, नमाजचे कपडे. या सगळ्यांत आपण वाढलो आहोत. मसला काय आहे तो उलेमा सांगतील, ते माझं काम नाही. पण हेही आपण लहानपणी मकतबमध्येच ऐकलेलं असतं की राखणीसाठी, शेतीसाठी, गुराढोरांसाठी आणि शिकारीसाठी कुत्रा बाळगायला मुभा आहे. तहानेने चिखल चाटणाऱ्या कुत्र्याला विहिरीत उतरून, मोज्यात पाणी भरून पाजणाऱ्या माणसाची हदीस आपल्यातल्या कुणाला माहीत नाही? आणि मांजरीला कोंडून उपाशी मारणाऱ्या बाईची? सूरह कहफ आपण जुम्याला पढतो. त्या गुहेतल्या तरुणांबरोबर त्यांचा कुत्रा उंबऱ्यावर पाय पसरून बसलेला आहे, आणि ते किती जण होते याची चर्चा येते तिथे प्रत्येक वेळी कुत्र्यासकट मोजणी होते. आमच्या नानी त्याला कितमीर म्हणायच्या. घर सोडून, शहर सोडून निघालेली माणसं होती ती. बेघरच म्हणायची. कुत्रा त्यांच्याबरोबर गेला आणि बाहेरच्या बाजूला राखणीला बसला. मावशीचा खंड्या नेमका तिथेच बसतो.

तर राखणीच्या कुत्र्याबद्दल शरियतची तक्रार नसेल, तर आपली तक्रार नेमकी कशाबद्दल आहे, हे मी स्वतःला विचारलं. उत्तर फार चांगलं आलं नाही. मला तो कुत्रा घाण वाटत होता, आणि मावशीही थोडी.

जानेवारीत पाय फारच बिघडला. साखर होती, तिला ठाऊकच नव्हतं. पोरांनी रिक्षातून सरकारी रुग्णालयात नेलं, दाखल व्हायला सांगितलं. तिचा एकच प्रश्न, "खंड्याला कुठं ठेवू?" डॉक्टर तरुण होते, चांगले होते. पण वॉर्डात कुत्रा येऊ शकत नाही हे काय सांगायला हवं? पोरांनी शब्द दिला, आम्ही सांभाळतो. अभ्यासिकेच्या मागे एक जुना वाडा आहे, अर्धा पडलेला. तिथल्या काकूंनी जिन्याखालची जागा दिली. त्यांची अट एकच होती, की सकाळी झाडून घ्यायचं. पोरांनी पाळ्या लावल्या. माझ्या मुलाची पाळी मंगळवारी आणि शुक्रवारी. त्याने मला फोन करून विचारलं, "अम्मी, शुक्रवारी त्याला खायला घालून जुम्याला जायचं, तर हात सात वेळा धुवायचे का?" मी म्हटलं, लाळ लागली असेल तर नीट धू, नाही तर नेहमीसारखा वुजू कर आणि वेळेवर जा.

चौथ्या दिवशी खंड्या जिन्याखालून निघाला आणि आपल्या जागेवर, त्या फळ्यांपाशी जाऊन बसला. त्याच सकाळी कुत्री पकडणारी गाडी आली आणि त्याला घेऊन गेली. गाडीवाल्यांची यात चूक नाही. गळ्यात पट्टा नाही, जवळ माणूस नाही, मग तो भटकाच. पोरं हवालदिल झाली. आणि त्यांनी, आणि मीसुद्धा, ठरवलं की मावशीला सांगायचं नाही.

ती रोज विचारायची. आम्ही रोज सांगायचो, मजेत आहे, चपाती खातो. तिसऱ्या दिवशी शेजारच्या खाटेवरच्या बाईचा नातेवाईक पेठेतलाच निघाला. त्याने सहज बोलता बोलता सांगितलं की परवा तिकडची चार-पाच कुत्री उचलली. त्या रात्री मावशी स्वतःच्या जबाबदारीवर अंगठा उमटवून रुग्णालयातून निघाली आणि त्या पायाने चालत सदाशिव पेठेत आली. पहाटे पोरांना ती फळ्यांपाशी बसलेली दिसली. पातेल्यात खंड्यासाठी पाणी भरून ठेवलेलं होतं.

खंड्या आणखी तीन दिवसांनी परत आला. गाडीने आणून तिथेच सोडला. कानाचा तुकडा त्रिकोणी कापलेला होता. तोपर्यंत मावशीच्या पायाची जखम पार वर चढली होती. पुन्हा दाखल केलं तेव्हा दोन बोटं काढावी लागली. डॉक्टर म्हणाले, आठवडाभर सलग राहिली असती तर कदाचित वाचली असती. कदाचित. मी त्यावर काही बोलले नाही. खोटं बोलण्यात माझा सहभाग होता.

त्यानंतर मी या विषयाचं जमेल तेवढं वाचलं. त्यातलं काही तुमच्यासाठी इथे देते.

भटक्या कुत्र्यांबाबतचे केंद्र सरकारचे नियम २००१ साली आले आणि २०२३ मध्ये त्यांच्या जागी नवे आले. त्यांचं सार असं की कुत्रा पकडायचा, नसबंदी करायची, रेबीजची लस द्यायची, खुणेसाठी कान कापायचा आणि जिथून उचलला तिथेच परत सोडायचा. त्या "तिथेच" शब्दामुळे खंड्या परत आला. पण ७ नोव्हेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिला की शाळा-महाविद्यालयं, रुग्णालयं, क्रीडासंकुलं, बसस्थानकं आणि रेल्वे स्थानकं यांच्या आवारातली कुत्री उचलायची आणि ती परत त्या जागी सोडायची नाहीत, निवाऱ्यात ठेवायची. शिक्षिका म्हणून मला त्यामागची काळजी कळते. आमच्या शाळेतल्या दुसरीच्या मुलाला कुत्रं चावलं होतं तेव्हा त्याचा हात धरून मीच इंजेक्शनच्या रांगेत उभी होते. रेबीज एकदा उमटला की माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही. पण आता विचार करा, बेघर माणसं रात्री झोपतात कुठे? स्टेशनच्या बाहेर, एसटी स्टँडवर, सरकारी दवाखान्याच्या कठड्यापाशी. म्हणजे तिथल्या माणसाचा कुत्रा गेला तर तो परत यायचा नाही. मावशी स्टेशनवर राहणारी असती तर गोष्ट इथे संपली असती. आदेशात दोष काढायला मी बसलेली नाही. कागदावर "भटका" आणि "पाळीव" असे दोनच रकाने आहेत, आणि खंड्या दोन्हींत बसत नाही एवढंच सांगते.

पाळीव म्हणून नोंद करावी, तर पुण्यात कुत्रा पाळायला महापालिकेचा परवाना लागतो, अलीकडे मांजरालाही लागतो, आणि अर्जाला लागतो पत्त्याचा पुरावा. पत्ता नसलेल्या माणसाचा कुत्रा म्हणून कायमचा भटका. गंमत अशी की १९६० च्या प्राणिक्रूरता प्रतिबंधक कायद्यात मालकाने आपलं जनावर वाऱ्यावर सोडून देणं हा गुन्हा आहे. पहिल्या वेळी दंड दहा ते पन्नास रुपये, साठ वर्षांपूर्वीचा आकडा आजही तोच. म्हणजे एका खिडकीवर मावशीला सांगणार, तू याची मालकीण नाहीस, आणि दुसऱ्या दारावर सांगणार, याला सोडून ये, मगच आत घेऊ.

निवाऱ्यांचंही वाचलं. शहरी बेघरांसाठीची केंद्राची योजना २०१३ साली आली. एक लाख वस्तीमागे शंभर माणसांचा एक निवारा, माणशी पन्नास चौरस फूट जागा, पाणी, संडास, स्वयंपाक, सामानाची सोय. चांगली योजना आहे. २०११ च्या जनगणनेत देशात सतरा लाखांवर माणसं बेघर मोजली गेली, त्यांच्यापुढे ती कमी पडते. मी दोन निवारे जाऊन पाहिले. स्वच्छ होते. दोन्हीकडे विचारलं, सोबत जनावर असलेलं कुणी आलं तर? दोन्हीकडे उत्तर मिळालं, "येतच नाहीत." बरोबरच आहे, दारातूनच परत जातात किंवा मावशीसारखी गाडीतच बसत नाहीत. मग नोंद होणार कशी?

यावर कुणी म्हणेल, माणूस आणि जनावर एका छपराखाली ठेवायची सोय सरकार कुठून आणणार? बहीणभावांनो, आपल्या महाराष्ट्राने ही सोय केलेली आहे. २०१२-१३ च्या आणि २०१९ च्या दुष्काळातल्या चारा छावण्या आठवा. साताऱ्याच्या माण तालुक्यात म्हसवडला माणदेशी फाउंडेशनने छावणी काढली होती. अख्खी कुटुंबं महिनोन्‌महिने गाई-बैलांजवळ राहिली, तिथेच चुली पेटल्या. सरकारने ठिकठिकाणच्या छावण्यांना जनावरामागे रोजचे पैसे दिले. शेतकऱ्याला कुणी म्हटलं नाही की बैल सोड आणि तू एकटा ये. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगली-कोल्हापूरला महापूर आला, ऐन बकरीदच्या तोंडावर. कित्येक ठिकाणी मशिदींनी दारं उघडली, लोकांनी कुरबानीचे पैसे पूरग्रस्तांना दिले, हे तुम्ही त्या वेळी ऐकलं असेल, काही वाचकांनी स्वतः केलं असेल. त्या पुरातही माणसं गोठ्यातली जनावरं सोडून नावेत बसायला तयार नव्हती. आणि त्यांना कुणी वेडं म्हटलं नाही.

आमच्या घरात याहून जुनी आठवण आहे. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं तेव्हा नानी कसब्यात नदीकडच्या बाजूला राहायच्या. पाणी चढायला लागलं, सगळे उंच भागाकडे पळाले. नानी पुन्हा मागे फिरल्या, बकरी सोडायला. सोडली, पण ती पाण्याला घाबरून हलेना, तर तिला खांद्यावर घेतली. नाना त्यांना आयुष्यभर ऐकवायचे, "दागिन्यांची पेटी राहिली आणि बकरी आणली." नानींचं उत्तर ठरलेलं असायचं, पेटी ओरडत नव्हती.

बाहेरच्या देशांत हा विषय थोडा पुढे गेलेला आहे. अमेरिकेत २००५ मध्ये कॅटरिना वादळाच्या वेळी न्यू ऑर्लिन्समध्ये लोकांना बसमधून हलवताना पाळीव जनावरं घेऊ दिली नाहीत. एका लहान मुलाच्या हातून त्याचा कुत्रा काढून घेतला आणि ते पोर रडून रडून ओकलं, ही बातमी तिथल्या घरोघरी पोहोचली. कित्येक जण जनावरासाठी घरातच थांबले. पुढच्याच वर्षी, २००६ मध्ये, त्यांनी कायदा केला की आपत्तीच्या योजनेत पाळीव जनावरांचाही विचार झालाच पाहिजे. लंडनमध्ये २०१६ साली दोन पशुवैद्यांनी सुट्टीच्या वेळात रस्त्यावर फिरून बेघरांच्या कुत्र्यांवर मोफत उपचार सुरू केले. स्ट्रीटव्हेट हे त्यांच्या संस्थेचं नाव. आता ही संस्था निवाऱ्यांनाही मदत करते, की कुत्र्यासकट माणूस घ्यायचा तर जागा कशी करायची, लस कशी द्यायची, भांडण झालं तर काय करायचं. ब्रिटनमध्येच डॉग्ज ट्रस्ट नावाची जुनी संस्था आहे. तिने २००४ पासून एक वेगळंच काम हाती घेतलं. नवऱ्याच्या मारहाणीतून घर सोडून निघालेल्या बाईचा कुत्रा काही महिने दुसऱ्या घरी ठेवायचा आणि बाईचं बस्तान बसलं की परत द्यायचा. हे वाचताना मी थांबले. कुत्र्यामांजरासाठी, शेळीसाठी बाई मार खात घरात राहते हे आपल्या वस्तीत घडत नाही असं वाटतं का? माझ्या एका विद्यार्थिनीची आई दोन शेळ्यांसाठी माहेरी जात नव्हती. शेळ्या तिच्या होत्या, तिच्या कमाईच्या, आणि मागे राहिल्या तर विकल्या जातील हे तिला माहीत होतं.

मुस्लिम मुलखातलंही सांगते. उस्मानी काळात गल्लीतल्या कुत्र्या-मांजरांना खायला घालण्यासाठी वक्फ असायचे. आणि त्याच इस्तंबूलमध्ये १९१० साली रस्त्यावरची हजारो कुत्री पकडून मर्मरा समुद्रातल्या एका ओसाड बेटावर नेऊन सोडली. अन्न नाही, पाणी नाही. ती तिथे मेली. एकाच शहरात दोन्ही होऊन गेलं.

आता सदाशिव पेठेकडे परत येते. पानिपतावर पडलेल्या सदाशिवरावभाऊंच्या नावाची ही पेठ. कात्रजच्या तळ्यातून पाणी आणून पेशव्यांनी शहरात हौद बांधले, माणसांची आणि जनावरांची तहान त्यांच्यावर भागत असे. जुन्या वाड्यांना ओटा असायचा. ओटा मालकाचा, पण दुपारी त्यावर टेकलेल्या वाटसरूला कुणी उठवत नसे. आता वाडे पाडून इमारती झाल्या आणि खाली पार्किंग आलं. पार्किंगला साखळी असते. मावशीसारख्यांना फळ्यांखालची चार फूट जागा उरते ती अशी. ज्या काकूंनी जिन्याखाली जागा दिली त्यांचाही वाडा या वर्षी पडणार आहे. त्या मला म्हणाल्या, "तुमच्या खंड्यामुळे चार दिवस जिना झाडलेला तरी राहिला." काकू कधी आमच्या घरी जेवणार नाहीत, मीही आग्रह करणार नाही, पण त्यांच्या ओट्यावर बसून मी चहा घेते.

पोरांनी आता काय केलंय ते सांगते, कारण हे कुणालाही करता येतं. खंड्याच्या गळ्यात पट्टा घातला, त्यावर माझ्या मुलाचा आणि कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याचा फोन नंबर. लसीचा कागद प्लास्टिकमध्ये घालून मावशीच्या गोणीत शिवून टाकला, आणि त्याचा फोटो सहा जणांच्या फोनमध्ये आहे. मावशी आणि खंड्या दोघं एकत्र दिसतील असाही एक फोटो काढला. गाडीने पुन्हा नेलाच तर दाखवायला, की हा हिचा आहे. पुढच्या लसीची तारीख अभ्यासिकेच्या फळ्यावर लिहिलेली आहे, परीक्षेच्या वेळापत्रकाच्या खाली. खर्च फार नाही. पट्टा तर एका पोराने जुन्या बॅगेच्या बंदाचा केला.

तुमच्या मोहल्ल्यात, दर्ग्याच्या बाहेर, स्टेशनजवळ असं कुणी असेल तर जेवण देताना एकदा विचारा, दवाखान्यात जायची वेळ आली तर याला कोण बघेल? नुसता प्रश्न विचारला तरी माणूस बोलायला लागतो. त्याने उत्तर दिलं की मग आपली पंचाईत होते, ते खरं. घरात घेता येत नसेल, मलाही येत नाही, तर जिना, गोडाऊन, एखाद्याचं शेत, पाच-सात दिवसांसाठी. रमजानमध्ये आपल्या मशिदींबाहेर जे येतात त्यांच्याबद्दल ट्रस्टच्या लोकांशी बोलून ठेवता येईल. जकात मिस्कीन माणसाची आहे, ती कुत्र्यावर खर्च करा असं मी म्हणत नाही. पण मिस्कीनाची राखण करणाऱ्याला सदक्यातून भाकरी द्यायला कोण अडवतं? आणि कुत्रं चावलं, ओरखडलं तर हळद-मिरची न लावता पंधरा मिनिटं साबण आणि वाहतं पाणी, आणि त्याच दिवशी दवाखाना. हे मुलांना आजच सांगा. दया आणि लस दोन्ही हव्यात.

पुण्यात डॉ. अभिजित सोनवणे बऱ्याच वर्षांपासून मंदिर-मशिदींबाहेरच्या भिक्षेकऱ्यांवर रस्त्यावरच उपचार करतात. त्यांचं काम वाचून माझ्या मनात आलं की दवाखाना रस्त्यावर येऊ शकतो, तर मावशीला खंड्यापासून दूर नेण्याची गरज निम्म्या वेळा पडणार नाही. आता तिच्या पायाची पट्टी बदलायला एक नर्सताई रविवारी येतात. शेजारच्या खोलीतल्या मुलीची ती बहीण. खंड्या पहिल्यांदा गुरगुरला. आता ताई आल्या की उठून बाजूला होतो आणि जरा लांबून बघत बसतो.

निवाऱ्यात जायचं का, हे मी मावशीला परत विचारलं नाही. एका निवाऱ्याच्या व्यवस्थापकांनी मागच्या अंगणात पत्र्याची शेड आहे असं सांगितलंय, वरून परवानगी आली तर तिथे कुत्रा बांधता येईल म्हणाले. अर्ज पोरांनी लिहिला, उत्तम लिहिला, शेवटी अधिकारी व्हायचंय त्यांना. मी फक्त ऱ्हस्व-दीर्घ तपासले. अर्जात "भटका कुत्रा" लिहिलं होतं, ते खोडून "अर्जदाराचा कुत्रा" केलं. दोन महिने झाले, उत्तर नाही.

परवा शनिवारी गेले तेव्हा मावशीने माझ्याकडे फोन मागितला. तो दोघांचा फोटो तिला बघायचा होता. डोळ्यांना कमी दिसतं, म्हणून फोन अगदी नाकापाशी धरला. बराच वेळ बघून म्हणाली, "बाई, ह्यात माझा पाय दिसत न्हाई, बरं केलं." मग खंड्याला दाखवला. त्याने हुंगला आणि तोंड फिरवून डब्याकडे बघायला लागला.